रुजवलेलं वाक्य

"साहेब, तुमचा पूल कागदावर होता, माझी लेक बाजेवर होती."

हणमंत कोळेकर हे वाक्य बोलला आणि नाट्यगृहातली आठशे माणसं खुर्चीत पुढं सरकली. मग टाळ्या सुरू झाल्या. मंचामागच्या पडद्यावरचा काटा सरकत सरकत ब्याण्णववर गेला आणि तिथंच थरथरत राहिला. समोर बसलेले आमदार भालचंद्र नलगे म्हणजे तीन निवडणुका जिंकलेले, बोलण्यात कुणाला हार न जाणारे गृहस्थ. त्यांनीही उत्तर द्यायचं सोडून पाण्याचा पेला उचलला.

पहिल्या रांगेत हणमंतची बायको उज्ज्वला बसली होती. ते वाक्य तिनं आजवर पंचवीस-तीस वेळा ऐकलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती अर्ध्यातून उठून बाहेर गेली होती. आज मात्र तिची नजर आधी काट्याकडं गेली, आणि काटा नव्वदच्या वर बघून तिला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज तिला परतताना गाडीत वाटली.

हा काटा काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. पूर्वी पुढारी वादसभेला यायचे ते ठेवणीतली वाक्यं घेऊन. घरी आरशासमोर घोटून घोटून आणलेलं वाक्य 'आत्ताच सुचलं बघा' अशा थाटात फेकायचं. लोक टाळ्या पिटायचे, दुसऱ्या दिवशी ते वाक्य गावभर फोनांमधून फिरायचं, आणि विचारलेला प्रश्न होता तिथंच राहायचा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मग काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पाठ केलेलं वाक्य आणि आठवून बोललेलं वाक्य मेंदूच्या एकाच कप्प्यातून येत नाही. पाढा म्हणताना आवाज सपाट चालतो. खरोखरीचं काही आठवलं की श्वास अर्धा क्षण अडतो, आवाजाला आपल्या कानांना न कळणारा कंप येतो, कातडीखालचं रक्त जागा बदलतं. कॅमेऱ्याला आणि ध्वनियंत्राला हे सगळं टिपता येतं. वाहिन्यांनी त्याचा शून्य ते शंभर असा काटा केला आणि वादसभा चालू असतानाच तो पडद्यावर लावला. पहिल्या वर्षी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वाक्य फेकलं, की काटा वीसवर आणि सभागृहात हशा.

पण वाक्यं लिहून देणारी माणसं काही हातावर हात ठेवून बसली नाहीत. पाठ केलेलं चालत नाही ना, मग वाक्य आठवणीतच रुजवू, असं त्यांनी ठरवलं. माणूस जुनी आठवण मनात पुन्हा उघडतो, तेव्हा ती काही तास मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट बसते, हे विज्ञानाला आधीपासून ठाऊक होतं. त्या मऊ वेळात कानामागं चुंबकाचे हलके ठोके देत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, की आठवण ते वाक्य पोटात घेऊनच घट्ट होते. पुढं ते वाक्य तोंडात येतं ते त्या आठवणीचा श्वास आणि तिचा कंप घेऊन. काटा फसला असंही म्हणता येत नाही, कारण माणूस खोटं बोलतच नसतो. याला रुजवण म्हणायचे.

हणमंतकडं रुजवायला आठवण होती.

त्यांची आवळेवाडी नदीच्या अलीकडं, तालुक्याचं गाव आणि सरकारी दवाखाना पलीकडं. मधल्या पुलाचे खांब चौदा वर्षं नुसते पाण्यात उभे. ज्या बंधाऱ्यावरून ये-जा चालायची तो पाण्याखाली गेला, की तेवीस किलोमीटरचा वळसा. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्यांची नऊ वर्षांची तनिष्का पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. मण्यार चावली होती. ते कळेपर्यंत पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या. चिखलात गाडी चालेना, तेव्हा चौघांनी तिची बाज खांद्यावर घेतली. पुढचा उजवा खांदा हणमंतचा. नदीवर पोचले तर पलीकडं रुग्णवाहिका उभी, तिचा दिवा फिरतोय, आणि मधे गढूळ पाणी. वळशाच्या वाटेला लागल्यावर तनू काहीतरी बोलली. उज्ज्वला मागून चालत होती. तिला फक्त लेकीचे ओठ हलताना दिसले, आणि हणमंतनं मान वळवून बाजेला कान लावलेला दिसला. त्यानंतर तनू बोललीच नाही.

"काय म्हणाली ओ ती?" उज्ज्वलानं दहाव्या दिवशी विचारलं होतं.

"सांगीन," हणमंत म्हणाला. "आत्ता नको. तेवढं एक माझ्यापाशी राहू दे."

तिनं रेटलं नाही. वर्षातून एखाद्या वेळी ती विचारायची, तो नुसती मान हलवायचा. लेकीचे शेवटचे शब्द आपल्या घरातच आहेत, कधीतरी ते आपल्यालाही मिळतील, एवढ्यावर तिनं सहा वर्षं काढली.

पुढं त्या पुलासाठी हणमंतनं प्राथमिक शाळेतली नोकरी सोडली आणि तो निवडणुकीला उभा राहिला. पक्षानं त्याच्या मदतीला पुण्याहून निनाद परांजपे नावाचा माणूस पाठवला. पूर्वी जाहिराती लिहायचा, आता वाक्यं रुजवायचा. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "सर, तीन-चार वेगवेगळ्या आठवणी घेऊ या. फेरपालट करू. एकाच शेतात दरवर्षी ऊस लावत नाहीत ना, तसंच आहे हे. आणि आठवड्यातून एकदा, जास्त नाही."

हणमंतनं दोन्ही ऐकलं नाही. "पुलावर बोलताना मी दुसरं काय आठवू?" असं म्हणून त्यानं सगळं त्या एका सकाळीतच रुजवलं. आणि आठवड्यातून एकदा म्हणजे काय, हे तर त्याच्या डोक्यातच शिरेना. वीस वर्षं त्यानं पोरांकडून रोज सकाळी पाढे म्हणवून घेतले होते. उजळणी केली नाही तर विसरतं, उजळणी केली की पक्कं होतं, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक होतं. ते यंत्र त्यानं घरी मागून घेतलं, आणि रोज सकाळी अंघोळ झाल्यावर कानामागं पट्टी लावून तो डोळे मिटून बसायला लागला. मास्तर माणूस, उजळणीनं बिघडतं असं त्याला कोण पटवणार?

बिघडायला लागलं ते उज्ज्वलाच्या लक्षात आलं गणपतीच्या सुमारास. शेजारच्या गावची चार माणसं भेटायला आली होती. हणमंत त्यांना सांगत होता, "रात्रीची वेळ, काळोख, पाऊस..."

"सकाळ हुती की," चहा देता देता उज्ज्वला म्हणाली. "उजाडून दोन तास झालं हुतं."

"तेच ते," हणमंत म्हणाला आणि पुढं सांगत राहिला.

तिनं सोडून दिलं. मग एकदा बाजेच्या मागच्या खांद्याला कोण होतं, हे त्याला सांगता आलं नाही. तो इब्राहिम मुल्ला होता, रोज सकाळी दारावरून जाणारा. मग एकदा तनूचा कुठला दात पडला होता, यावर तो म्हणाला, "दात पडला होता का?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो आता मंचावरून उतरला, की लगेच विचारायचा, "किती गेला?" काटा किती गेला. पूर्वी वाक्य बोलून झालं, की तो गाडीत तोंड झाकून बसायचा. आता भूक लागली म्हणायचा.

शेवटची वादसभा चार दिवसांवर आली, तेव्हा ती निनादला भेटायला प्रचार कार्यालयात गेली. दुपारची वेळ, कार्यालयात सतरंज्या झटकणं चाललं होतं.

"निनादभावजी, खरं काय ते सांगा. सरांचं काय चाललंय?"

निनादनं बाहेर चला अशी खूण केली. दोघं चिंचेखाली उभे राहिले. "वहिनी, आठवण मऊ करून पुन्हा घट्ट केली, की दर वेळी थोडी झिजते. आठवड्यातून एकदा केलं असतं तर कळलंही नसतं. सर रोज करत होते. मला हे परवा कळलं."

"म्हंजे तुपासारखं," उज्ज्वला म्हणाली. "सारखं सारखं कढवलं की रवाच राहत न्हाई."

"हो. अगदी तसंच."

"मग आता बंद करा."

निनादनं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "बंद करता येईल. पण शेवटच्या सभेसाठी एक मोठी रुजवण करायची आहे. नलगेसाहेबांनी आता त्यांची आई रुजवून घेतली आहे, त्यांचा काटा अठ्ठ्याऐंशीला जातो. सरांची आठवण पातळ झाल्यामुळं सरांचा काटा उतरतोय. आज ही रुजवण केली नाही, तर त्या दिवशी सत्तरच्या वर जाणार नाही. केली, तर जिंकतील. पण त्यानंतर आठवणीतलं किती उरेल, मी शब्द देऊ शकत नाही. थोडं उरेल, कदाचित काहीच नाही. म्हणून घरच्या माणसाची सही लागते." त्यानं कागद पुढं केला. "आणि एक. या चार दिवसांत त्यांना ती आठवण दुसऱ्या शब्दांत कुणाला सांगू देऊ नका. तोंडानं सांगितली, की ती त्या शब्दांना चिकटते आणि वाक्य सुटतं. सभा झाल्यावर काय ते बोला."

उज्ज्वलाला सही करायची नव्हती. पण मागच्याच आठवड्यात इब्राहिमच्या सुनेची बाज त्याच वळशानं गेली होती. ताडपत्रीखाली, रस्त्याच्या कडेला ती बाळंत झाली. दोघं वाचली ती नशिबानं. बाज निघाली तेव्हा बायकांनी उज्ज्वलाकडं बघितलं होतं.

तिनं सही केली.

सभेच्या दिवशी सकाळी हणमंत दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण, आणि तो थांबला. आरशातून त्यानं तिच्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यानं तसं पाहिलं होतं.

"उज्ज्वला, ये, बस इथं."

"काय ओ?"

"मला वाटतंय, माझ्याकडनं काहीतरी निसटायला लागलंय. तनू तेव्हा काय म्हणाली ते तुला सांगून टाकतो. तुझ्याकडं राहील. ती म्हणाली..."

उज्ज्वलानं धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिच्या तळव्याला साबण लागला. सहा वर्षं ज्यासाठी ती झुरली ते त्याच्या ओठांवर आलं होतं, आणि तिनंच ते आत ढकललं.

"आत्ता नगं," ती म्हणाली. "सभा हुंद्या. परत आल्यावर सांगा. मी कुठं जात न्हाई."

त्यानं तिचा हात बाजूला केला. "नक्की?"

"नक्की."

तिचं मन मात्र ऐक ऐक म्हणून ओरडत होतं. एकच वाक्य, चार-पाच शब्दांचं. ऐकलं असतं तर काय झालं असतं? पूल झाला नसता. आणखी पाच वर्षं बाजा वळशानं गेल्या असत्या. हा हिशोब तिनं त्या दिवसापासून कितीदा मांडला त्याला गणती नाही, आणि तो तिला एकदाही जमला नाही.

संध्याकाळी नलगेसाहेबांनी आईचं नाव घेतलं आणि सत्त्याऐंशी गाठले. चांगला मुलगा असावा माणूस. मग ते म्हणाले, "पुलाचं काम प्रगतिपथावर आहे." हणमंत त्यांच्याकडं वळला. श्वास अडला, आवाज कापला, आणि तेच वाक्य आलं. या वेळी सभागृहात बायका रडल्या. सूत्रसंचालक चष्मा पुसत होता. काटा अठ्ठ्याण्णववर गेला. एवढा कुणाचाच कधी गेला नव्हता. निनाद एका कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. उज्ज्वला नवऱ्याच्या डोळ्यांकडं बघत होती. वाक्य बाहेर पडल्यावर त्याचे डोळे निवळले, एखादं काम हातावेगळं झाल्यावर निवळतात तसे.

त्या दिवशी तिनं विचारलं नाही. धीरच झाला नाही. मतदान झालं, निकाल लागला, हणमंत एकोणीस हजारांनी निवडून आला. गुलाल अंगणात घोट्याएवढा साचला. चौथ्या दिवशी माणसांची वर्दळ ओसरली, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"सांगा आता."

"काय?"

"तनू काय म्हणाली हुती ते. बाजेवर."

"हां," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. ओठ उघडले. "साहेब, तुमचा पूल..." तो थांबला. पुन्हा डोळे मिटले. बऱ्याच वेळानं पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा तेच वाक्य आलं, तसंच कापऱ्या आवाजात, श्वास अडवून. तिसऱ्या वेळी त्यानं तोंड उघडलंच नाही.

"काहीतरी म्हणाली होती," तो म्हणाला. "म्हणाली होती एवढं माहीत आहे बघ मला."

"तिचा चेहरा?"

"फोटो आहे की भिंतीवर."

उज्ज्वला तिथंच पदर तोंडात धरून रडली. हणमंत उठला, तिच्याजवळ आला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. चांगलाच हात ठेवला त्यानं, मायेनं. पण मयताच्या घरी भेटायला आलेला आमदार ठेवतो तसा. लेक गेली तेव्हा दोघं मिळून रडले होते. आता त्या दुःखाला ती एकटीच उरली. नवऱ्यावर रागवावं, तर सही तिची होती आणि त्याच्या तोंडावरचा हातही तिचाच होता.

पूल अडीच वर्षांत झाला. हणमंतनं शब्द पाळला. ठेकेदाराच्या मानगुटीवर बसून त्यानं काम करून घेतलं. पुलाला तनिष्काचं नाव द्यायचं ठरलं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मांडव अजून रिकामा होता, तेव्हा तो उज्ज्वलाला म्हणाला, "चल, माणसं यायच्या आधी एकदा चालून येऊ."

दोघं चालत पुलाच्या मध्यावर आले. खालून नदी संथ चालली होती. पलीकडचा दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर दिसत होता. इब्राहिमची सून अडीच वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन अलीकडून पलीकडं गेली. जाताना तिनं वाकून नमस्कार केला. उज्ज्वलानं पोराच्या गालाला हात लावला. पूल व्हायलाच हवा होता, यात तिला शंका नव्हती.

"उज्ज्वला," हणमंत म्हणाला, "आज मला तिच्याबद्दल बोलायचंय. जुनं वाक्य आता नको, पूल तर झाला. पण माझ्याकडं दुसरं काही नाही गं. तू सांग ना, कशी होती ती?"

ती सांगायला लागली. भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायची. सातचा पाढा चुकवायची, आणि मास्तरांची पोर म्हणून वर्ग हसला, की स्वतःच आधी हसायची. पावसात चपला डोक्यावर ठेवून यायची. हणमंत कठड्याला टेकून मन लावून ऐकत होता. मधेच हसलाही.

"गोड होती पोरगी," तो म्हणाला.

उज्ज्वलानं कठडा घट्ट धरला.

"आणि शेवटी?" त्यानं विचारलं. "बाजेवर काहीतरी बोलली होती ना ती? तुला ठाऊक आहे का?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो खरंच विचारत होता. जे त्याच्यापाशी होतं ते तो तिच्याकडं मागत होता, आणि तिच्यापाशी ते कधीच नव्हतं. माहीत नाही म्हणणं सोपं होतं. पण मग त्या माणसाकडं लेकीचं काही म्हणजे काहीच राहणार नव्हतं. या सगळ्या वर्षांत, त्या हलणाऱ्या ओठांवर तिनं मनातल्या मनात कितीतरी वाक्यं ठेवून पाहिली होती. त्यातलं तिला सगळ्यात खरं वाटलेलं तिनं काढून त्याला दिलं.

"म्हणाली, पप्पा, खांदा दुखतोय का तुमचा? बदला की."

हणमंत कठड्यावर वाकला. नदीकडं बघत राहिला. मग हळू आवाजात, जीभ वळवून बघावी तसं त्यानं म्हटलं, "पप्पा, खांदा दुखतोय का तुमचा? बदला की." पुन्हा एकदा म्हटलं, जरा सावकाश, 'खांदा'वर थांबून. मांडवात माणसं जमायला लागली होती, कुणीतरी ध्वनिक्षेपक तपासत होतं. तिसऱ्या वेळी त्याचा आवाज जिथं कापायला हवा तिथं बरोबर कापला.

"असंच म्हणाली ना?" त्यानं विचारलं.

"असंच," उज्ज्वला म्हणाली.